न्यू जर्सी: हरणं तोंड लावणार नाहीत अशी झाडं सुचवा

अंगणवेडी

नमस्कार मंडळी,

आम्ही मध्य न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत राहतो. घरामागे ओढा, पलीकडे रान, त्यामुळे हरणांची ये-जा रोजचीच. होस्टाचे (सावलीत वाढणारं रुंद पानांचं शोभेचं झाड) नुसते देठ उरलेत. ट्युलिपला कळी धरली की रातोरात गायब. आधीच्या मालकांनी हद्दीवर लावलेली आर्बरव्हायटीची (कुंपणासाठी लावतात ते सदाहरित झाड) रांग हरणाची मान पोचते तिथपर्यंत बोडकी आहे आणि त्याच्या वर मात्र हिरवीगार. (ससे असतील, असं कुणी सुचवण्याआधी: सशाने कातरलेली काडी तिरकी आणि स्वच्छ कापलेली दिसते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ते ओढून तोडतं. आमच्याकडची सगळी टोकं फाटलेली आहेत.)

८ फुटी कुंपण घाला, असं सगळे सांगतात. आमच्या गावात मागे ६ आणि पुढे ४ फुटांच्या वर परवानगी नाही, त्यात एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) नजर. तेव्हा झाडंच शहाणपणाने निवडायची आहेत. दारासमोर दिवसभर ऊन असलेला वाफा आहे, ओकखाली सावलीचा आहे, माती चिकण. हद्दीवर आडोसा हवाच. आणि भेंडी, घेवडा, लाल भोपळा यांचं काय करायचं? घरात लहान मुलं आहेत, हेही लक्षात घ्या.

नर्सरीत निम्म्या कुंड्यांवर 'डिअर रेझिस्टंट' अशी चिठ्ठी असते. तिच्यावर कितपत विसंबायचं?

मातीचे_हात

चिठ्ठीपेक्षा रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागाची यादी बघा, ती तुमच्याच राज्यातली आहे. झाडांचे चार वर्ग केलेत: क्वचित नुकसान होणारी, सहसा फार नुकसान न होणारी, अधूनमधून बरंच होणारी आणि वरचेवर जबर होणारी. तुमचे होस्टा, ट्युलिप, अमेरिकन आर्बरव्हायटी तिघंही शेवटच्या वर्गातले, म्हणजे तुम्ही राहायला आलात तेव्हा पंगत मांडलेलीच होती :) 'अजिबात खात नाहीत' असा वर्ग त्या यादीत नाही. जानेवारीत बर्फ साचलं आणि रानात काही उरलं नाही की हरीण एरवी न खाल्लेलंही खातं.

त्यांना मऊ, रसाळ पान आवडतं. उग्र वास, लव, चिवटपणा किंवा विषारी रस असला की टाळतात. म्हणून उन्हाच्या वाफ्यात रशियन सेज, कॅटमिंट, अलियम, पिओनी, लँब्ज इअर. लॅव्हेंडरही चालेल, पण चिकण मातीत त्याची मुळं कुजतात. उंचवटा करून खडी मिसळा, नाहीतर नादच सोडा. सावलीत फर्न, एपिमेडियम, ब्लीडिंग हार्ट.

एक मात्र सांगते. नर्सरीतून आणलेलं रोप खतावर वाढलेलं, लुसलुशीत असतं. न आवडणाऱ्या जातीचंही हरीण एकदा चाखून बघतंच, आणि चाखताना मुळासकट उपटतं. पहिला हंगाम अंड्याच्या वासाचा फवारा मारत राहा. पाऊस पडून गेला की पुन्हा, नवी पालवी आली की पुन्हा.

हद्दीवरचा

आडोशासाठी: अमेरिकन हॉली, नॉर्वे स्प्रूस, क्रिप्टोमेरिया. 'ग्रीन जायंट' ही आर्बरव्हायटीचीच संकरित जात हरणं कमी खातात, पण लहान असेपर्यंत तिला जाळी लागतेच. एकाच जातीची सलग रांग लावू नका, दोन-तीन जाती मिसळा.

आणि खोडं सांभाळा. शरद ऋतूत नर शिंगं घासतात, त्यात हरणाला आवडणारं झाड की नावडतं हा प्रश्नच नसतो. मनगटाएवढ्या खोडाची साल सोलून निघते, सगळीकडून सोलली की झाड मेलंच. सप्टेंबर संपायच्या आत खोडांना जाळीचं नळकांडं बसवा.

रानपाखरू

नर्सरीवाला बारबेरी गळ्यात मारेल. काटेरी असल्यामुळे हरीण तोंड लावत नाही, हे खरं. पण ती रानात पसरते आणि तिच्या दाट जाळीत ओलावा टिकून गोचिड्या जास्त सापडतात. पेनसिल्व्हेनियात तिच्या विक्रीवर बंदी आहे. लाइम या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या आजाराचा जंतू गोचिडीत येतो तो मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांकडून, पण मोठ्या गोचिड्या पोसल्या जातात हरणांवर. ओढ्याकाठी काम केलंत की संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग आणि केसांची मुळं तपासत जा.

मुलं लहान आहेत तोवर फॉक्सग्लव्ह आणि हेलेबोर नको. दोन्ही हरणं टाळतात ती विषारी आहेत म्हणूनच.

वऱ्हाडी_माणूस

ताई, आमच्या यवतमाळकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत. लोकं धुऱ्यावर काटेरी करडई पेरतात आणि शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. चार दिवस बिचकतात, मग त्यांना साडीची सवय होते. तुमच्याकडे करून बघा!

अंगणवेडी

दादा, साड्या बांधल्या तर हरणांच्या आधी एचओएचं पत्र येईल :D

मातीचे_हात, रानपाखरू, खूप आभार. हॉली आणि क्रिप्टोमेरिया मिसळून लावायचं जवळपास ठरलंय. भाज्यांचं मात्र अजून कळत नाही.

हद्दीवरचा

भाज्यांत निवडीला वाव नाही. घेवडा, भोपळ्याचे कोवळे शेंडे, रताळ्याचा वेल, भेंडीची पानं हरणं आवडीने खातात. लसूण, कांदा, पुदिना, ओरेगॅनो तेवढे उघड्यावर ठेवा. बाकी सगळं एका लहान वाफ्यात घेऊन चारी बाजूंनी जाळी. उतरायला जागा अपुरी दिसली तर हरीण सहसा उडी घेत नाही, त्यामुळे लहान, अडचणीच्या वाफ्याला ५-६ फूट पुरतात. दुसरा उपाय म्हणजे ४ फुटी कुंपणाच्या दोन रांगा, मध्ये ४-५ फुटांचं अंतर. उंच उडी आणि लांब उडी एकदम घ्यायला ते कचरतं. फक्त परवानगी दोन्ही रांगांची काढा.

मातीचे_हात

ट्युलिपच्या जागी डॅफोडिल लावा, हरणं नाही खात. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठायच्या आत, सहा इंच खोल. पण पिशवी स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमधल्या कांद्यांशेजारी ठेवू नका. कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि पोटात गेला तर उलट्या होतात. भारतातून आई किंवा सासूबाई आल्या असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.