धंदा आणि चांगुलपणा: तुमचे अनुभव लिहा

कात्रीवाली
कपाट आवरताना कापडी पिशव्यांच्या युनिटची जुनी बिलबुकं सापडली, म्हणून हा धागा. घरी शिवणाऱ्या बायकांना पीसवर मजुरी नको, महिन्याचा पगार देऊ, असं माझ्या डोक्यात होतं. बायकाच नको म्हणाल्या! मुलांच्या परीक्षा, सासूचं आजारपण; वेळ त्यांना स्वतःच्या हातात हवा होता. मग एकत्र बसून, घड्याळ लावून एका पिशवीला किती वेळ लागतो ते मोजलं आणि दर ठरवला. त्यांच्या भल्याचं काहीही आता आधी त्यांनाच विचारते. तुम्हीही लिहा.

रोखठोक
उधारी!!! "तुम्ही तर समाजकार्य करता, थोडं थांबाल ना?" हे ऐकून कान किटले. आमच्या कारागिरांना शनिवारी पैसे लागतात, ते कसे थांबतील? आता निम्मे आगाऊ आल्याशिवाय माल कापत नाही.

उंटावरचा शहाणा
आम्ही समाजकार्य करत नाही, तरी थांबवतातच 😄

कानोसा
मोबाइलवरून लिहितोय, चुका पोटात घाला. श्रवणयंत्रांचं काम आहे. डॉ. व्यंकटस्वामींनी १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर गरिबांची ऑपरेशनं, एवढंच लोक सांगतात. पण १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायची लेन्स त्यांनी स्वतः बनवायला घेतली आणि तिची किंमत खूप खाली आणली, ते कोणी बोलत नाही. नुसत्या दयेवर इतकी ऑपरेशनं झाली नसती. आम्हीही आधी खर्च कापला, मग तीन वेगवेगळे दर ठेवले. यंत्र तेच, रांगही एकच. फुकटवाल्यांची रांग वेगळी केली की माणसं लाजून परत जातात.

झुळूक
@कात्रीवाली, पिशव्या अजून करता का? नाडीवाल्या हव्यात.

कात्रीवाली
हो, व्यनि (खासगी निरोप) करा.

कलमबहाद्दर
इन्व्हेस्टर आला की खरी गंमत. बेन अँड जेरीज ही आइस्क्रीम कंपनी २००० साली युनिलिव्हरने घेतली. सामाजिक कामासाठी स्वतंत्र संचालक मंडळ करारात होतं, तरी पुढे कोर्टकज्जे झालेच. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकाने, शुइनार्डने, २०२२ मध्ये मालकीच ट्रस्ट आणि एका संस्थेकडे देऊन टाकली. आपली कुठे तेवढी ऐपत! मी भागीदारीच्या करारातच नफ्याचा ठरावीक हिस्सा कामगार फंडाला लिहून घेतला. वकील हसला होता. भागीदार वेगळा झाला तेव्हा त्याला त्या हिश्शाला हात लावता आला नाही.

रोखठोक
मसुदा पाठवा की राव.

शिट्टी
लेकीला क्लासला सोडायचंय, थोडक्यात लिहिते. पॅकिंगला कर्णबधिर मुलं आहेत. कामात चोख. त्रास पाहुण्यांचा, सगळ्यांना त्यांच्यासोबत फोटो हवा असतो. मी सरळ नाही म्हणते. एक ऑर्डर गेली त्यापायी, जाऊ दे. मशीनची घंटी काढून दिवा लावला, बाकी काही बदलावं लागलं नाही.

उंटावरचा शहाणा
दिवा कसला? आमच्याकडे कंप्रेसरच्या आवाजात कोणालाच घंटी ऐकू येत नाही.

शिट्टी
साधा फिरता लाल दिवा. इलेक्ट्रिशियन घंटीच्याच वायरवर जोडून देतो. व्होल्टेज तेवढं बघून घ्या.