मदत हवी आहे: शाळेच्या फाटकासमोरची टपरी आणि ग्रामसभेतला ठराव

मालवण तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगा सहावीत आहे. जूनमध्ये शिवलेल्या युनिफॉर्मच्या पँटचा हूक दिवाळीनंतर लागेना, आता सेफ्टी पिन लावून जातो. तपासणीला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने वजन फार आहे, पाकिटं बंद करा.

पाकिटं म्हणजे फाटकासमोरच्या टपरीवरची, पाच रुपयांच्या खाऊची. टपरी आमच्याच नात्यातल्या काकीची. नवरा गेल्यावर दोन पोरं तिने त्या टपरीवरच मोठी केली. आणि पैसे कोण देतं? मीच. सातला काजू फॅक्टरीत हजर व्हायचं असतं. घावणे घालत बसायला वेळ नसतो, मग 'हे घे दहा रुपये'. शाळेत खिचडी मिळते, पण पाकिटाने पोट भरल्यावर ती कोण खातंय!

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा बघणारी संस्था) 2020 चा नियम वाचला: ज्यात चरबी, साखर, मीठ जास्त, असे पदार्थ शाळेत किंवा फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. विहिरीची दोरी घेऊन मोजलं. 20 मीटरसुद्धा भरत नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं मनात आहे. नवरा म्हणतो, "आपल्या पोराला आवरता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी कशाला ओततेस?" त्याचंही अगदी खोटं नाही. टपरी न उठवता कुणी काही केलंय का?

खाडीपलीकडचा:
ताई, स्पष्ट बोलतो. सरकारने काय काय बघायचं? पैसे देणं बंद करा, विषय संपला. केरळने 2016 मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या पिझ्झा-बर्गरवर 14.5 टक्के कर लावला, पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो विरून गेला. कराने पोरं बारीक होत नाहीत. आम्ही पेज नि सुकट खाऊन वाढलो.

रातांबा:
दादा, तुम्ही पेज खाल्लीत कारण टपरीवर दुसरं काही नव्हतंच. आणि सरकार आधीपासून मध्ये आहे की! कोल्ड्रिंकवर 40 टक्के कर, पण सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, चॉकलेट, फरसाणावर तोच 5 टक्क्यांवर आणला. काय स्वस्त व्हावं हे दिल्लीत ठरतं, मग फाटकासमोर काय असावं हे गावाने ठरवलं तर बिघडलं कुठे?

कुळीथपिठी:
आम्ही वेंगुर्ल्याकडे केलंय, अर्धवट जमलंय. ठरावात 'टपरी बंद' लिहू नका. कुठले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत तेवढंच लिहा. काकीला आधी घरी जाऊन सांगा, सभेत पहिल्यांदा ऐकवलंत तर जन्माचा अबोला.

आमच्या बचत गटाने नाचणीचे लाडू दिले होते. पावसात आठ दिवसांत बुरशी, आणि नुकसान टपरीवालीच्या डोक्यावर. पाकीट महिनोन्‌महिने टिकतं, खरी अडचण तिथे आहे. टिकल्या त्या उकडलेल्या शेंगा, चणे आणि उन्हाळ्यात कोकम सरबत. सरबतात साखर बेताची हं, नाहीतर त्याचंही कोल्ड्रिंकच होतं. कोल्ड्रिंकच्या 250 मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते.

टपरीचा बोर्ड कंपनीने फुकट रंगवून दिलाय का तेही बघा. त्या 50 मीटरच्या नियमात जाहिरातही येते.

धागाकर्ती:
बोर्ड कंपनीचाच आहे, लालभडक! रोज बघून लक्षातच आलं नव्हतं.

काल काकीकडे जाऊन आले. चिडली नाही. चहा दिला नि म्हणाली, "बाय, शेंगो उकडूक माका जड नाय. पण उरल्यो तर कोण घेतलो? पाकीट उरला तर उद्या खपता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेला माल बचत गटाने परत घ्यायचा, असं तुमच्याकडे चालतं का कुळीथपिठी? शेंगांचा वाटा कितीला ठेवलाय? ठरावाचा मसुदा असेल तर तोही टाका, माझ्याकडे आठ दिवस आहेत. पोराच्या हातावर आजपासून दहाऐवजी पाचच ठेवलेत. सध्या एवढंच जमलंय.