वरच्या मजल्याच्या डीबीसाठी (वीज वाटणाऱ्या पेटीसाठी) किती जाडीची वायर घ्यावी?

प्रश्न (सातारा): नमस्कार. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील जुना डीबी बदलायचा असून, तो मीटरपासून 25 मीटर दूर आहे आणि गिझर व एसी धरून एका वेळचा भार 5 किलोवॅटपर्यंत जातो. 4 चौरस मिलिमीटरची वायर पुरेल का?

उत्तर (कराड): 230 व्होल्टवर हा भार सुमारे 22 अँपिअर होतो, म्हणून आयएस 694 (अशा वायरींचे भारतीय मानक) छाप असलेली 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी; एवढ्या अंतरात तिच्यात साधारण साडेतीन व्होल्टचीच घट होईल. न्यूट्रलही (परतीची वायर) त्याच जाडीचा ठेवावा, त्यात काटकसर कृपया करू नका.

उत्तर (वाई): सहमत आहे. अर्थिंगची वायरही 6 चौरस मिलिमीटरचीच असावी. मीटरजवळ 32 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) लावावा, आणि तो वारंवार पडू लागला तर मोठा बसवण्याऐवजी कारण शोधावे, कारण त्याचे पहिले काम वायर वाचवणे हे आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. 6 चीच घेतो.