भारतात डेटा स्वस्त आहे, मग आमच्या गावात एक जीबी शंभर रुपयांना का पडतो?

प्रश्न : कापूस उत्पादक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

मोबाइल डेटा ज्या देशांत सर्वांत स्वस्त मिळतो त्यांत भारताची गणना होते, हे मी अनेकदा वाचले आहे. कागदावर ते खरेही दिसते. आमच्या घरी २८ दिवसांसाठी २९९ रुपयांचा रिचार्ज होतो आणि त्यात रोज दीड जीबी म्हणजे एकूण ४२ जीबी मिळतात. भागाकार केला तर एक जीबी सात रुपयांच्या आसपास पडतो. परंतु आमचे गाव टेकडीच्या पायथ्याशी खोलगट भागात असल्यामुळे घरात रेंज येत नाही. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी आहे; तिच्या सातव्या पायरीवर उभे राहिले की नेट सुरू होते. मागच्या महिन्यात फोनमध्ये पाहिले तर आमचा वापर २.९ जीबी होता. उरलेला डेटा रोज रात्री बारा वाजता संपला. मग आम्हाला एक जीबी शंभर रुपयांच्या वर पडला, असे म्हणायला नको का?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता तर मी लिहिले नसते. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी मोबाइल ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागला. सातबाऱ्याचा फोटो तीन वेळा अर्ध्यावर अडकला आणि ओटीपी हाती येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. शेवटी एके दिवशी पहाटे पाचला नोंदणी झाली. तोवर मजुरांची वेचणी चुकती करायची होती, म्हणून चार क्विंटल कापूस खासगीत क्विंटलला ७,००० रुपयांनी दिला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे ४,४४० रुपये बुडाले. वर्षाला तेरा रिचार्ज धरले तरी त्यांची रक्कम याहून कमी भरते.

जगात इतरत्रही असेच असते का, आणि ग्रामपंचायतीच्या हाती काही आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : टॉवर देखभालीचे काम, चंद्रपूर

भाऊ, आपला हिशेब बरोबर आहे. टॉवरच्या परिघात पाच हजार लोक असोत की तीनशे, खांब, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर आणि जागेचे भाडे यांचा खर्च फारसा बदलत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर कंपन्यांमध्ये दरांची चढाओढ लागली आणि डेटा एकदम उतरला. तो परवडतो, कारण शहरात एका टॉवरवर हजारो ग्राहक असतात. प्रत्येक ग्राहकामागे मिळणारी रक्कम मात्र थोडी असल्यामुळे ऐंशी घरांच्या गावात टॉवरचा खर्च निघत नाही, आणि कंपनी आपण होऊन तिथे येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठीच कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के वाटा एका निधीत जातो. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना बीएसएनएलमार्फत मंजूर केली. माझा अनुभव असा की अडचण मोजणीत आहे. गावात कुठेतरी सिग्नल मिळाला की ते गाव जोडलेले समजले जाते, मग तो सिग्नल टाकीच्या सातव्या पायरीवर का असेना.

पहाटे आपले काम झाले यातही नवल नाही. आडबाजूच्या अनेक टॉवरना फायबर नसते. ते मायक्रोवेव्हच्या तबकडीने दुसऱ्या टॉवरला जोडलेले असतात. त्या जोडणीची क्षमता मर्यादित असते आणि संध्याकाळी सारा परिसर एकदम नेटवर आला की ती तुंबते.

आता एक करा. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेची, पेटी आहे का आणि तिच्यावरचा ‘लॉस’ (फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण) लिहिलेला दिवा लाल आहे का, ते पाहून कळवा.

उत्तर २ : अर्थशास्त्राची अध्यापिका, वर्धा जिल्हा

जगाबद्दल विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये असे उद्दिष्ट ठेवले की २०२५ पर्यंत प्राथमिक इंटरनेट सेवेचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत यावा. नुसता रुपयांतला दर पाहण्यापेक्षा ही कसोटी चांगली आहे, कारण स्वित्झर्लंडमध्ये डेटा आपल्यापेक्षा कितीतरी महाग असूनही तिथल्या पगाराच्या मानाने तो जाणवत नाही. उलट चाड किंवा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांना समुद्रकिनारा नाही. खंडांमधला जवळपास सगळा डेटा समुद्रतळाच्या केबलमधून जातो, आणि त्या केबलपर्यंत पोहोचण्यासाठी या देशांना शेजारी देशांवर अवलंबून राहावे लागते. तिथे उत्पन्न कमी आणि दर चढे, असे दोन्हीकडून नुकसान होते.

भारत या कसोटीला सहज उतरतो, पण ती सरासरी आहे. आमच्या गावात वेचणीला जाणाऱ्या एखाद्या बाईला दिवसाला २५० रुपये प्रमाणे महिन्यात चौदा दिवस काम मिळाले, तर तिचे ३,५०० रुपये होतात. २९९ रुपये म्हणजे त्यातले साडेआठ टक्के. त्या घरात फोन एकच असतो आणि तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, हेही याच हिशेबात धरायला हवे. २०२५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २२० कोटी लोक इंटरनेटबाहेर आहेत. मोबाइल ब्रॉडबँड मुळीच पोहोचत नाही अशा भागांत मात्र जगाचे ४ टक्केच लोक राहतात. म्हणजे बाकीच्या बहुतेकांच्या डोक्यावरून सिग्नल जातो आहे, आणि त्यांच्याकडे फोन नाही, पैसे नाहीत किंवा ते वापरायला कोणी शिकवलेले नाही.

काही सरकारांनी ही जबाबदारी कायद्याने स्वीकारली. फिनलंडने जुलै २०१० पासून १ एमबीपीएस जोडणी हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. आपल्याकडे केरळने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि त्यातून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरवले. महाराष्ट्राने असा विचार का करू नये, हे मला खरोखर समजत नाही.

उत्तर ३ : अंगणवाडी पर्यवेक्षिका, भामरागड परिसर

दादा, तुमच्याकडे निदान सातवी पायरी आहे. आमच्याकडे पर्लकोटेला पूर येऊन पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अनेकदा रस्त्याबरोबर नेटही जाते. अंगणवाडीतील बालकांची वजने पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायची असतात. आमच्या सेविका ती आधी वहीत लिहितात आणि बाजाराच्या दिवशी रेंजच्या गावी गेल्या की एकदम भरतात. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीमुळे टोंगा या बेटांची समुद्री केबल तुटली आणि तो देश सुमारे पाच आठवडे उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवर राहिला, ही बातमी मी वाचली तेव्हा ते लोक मला फार जवळचे वाटले. एकच वाट असली की ती तुटल्यावर काय होते, हे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. म्हणून माझी विनंती एवढीच की ग्रामसभेत मागणी कराल तेव्हा नुसती जोडणी न मागता पर्यायी मार्ग आणि बॅटरी यांचाही ठरावात उल्लेख करा.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. आज सचिवांकडून खोली उघडून घेतली. पेटी भिंतीवर आहे, वीज चालू आहे आणि ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकतो आहे. मागच्या उन्हाळ्यात रस्त्याचे खोदकाम झाले तेव्हा मोरीजवळ एक काळी केबल उघडी पडली होती. ती अजून तशीच लोंबते आहे.

उत्तर १ : टॉवर देखभालीचे काम, चंद्रपूर

मग फायबर बहुधा तिथेच तुटली आहे. ती जोडणे हे काही तासांचे काम असते. खरा वेळ जातो तो तक्रार योग्य माणसापर्यंत पोहोचण्यात. मोरीचा फोटो, लाल दिव्याचा फोटो आणि पेटीवरचा क्रमांक घेऊन गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे ग्रामपंचायतीच्या पत्राने तक्रार द्या आणि पोच घ्या. जोडणी सुरू झाल्यावर किराणा दुकानदाराला पीएम-वाणीची माहिती सांगा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत दुकानात सार्वजनिक वायफाय चालवायला परवाना लागत नाही, आणि जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने अशा दुकानांच्या फायबर जोडणीचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक असू नये, असे बंधन घातले. पाच-दहा रुपयांत लागेल तेवढाच डेटा मिळाला, तर वेचणीच्या बाईला २८ दिवसांचा रिचार्ज करावा लागणार नाही.

प्रश्नकर्ता

पत्र तयार केले आहे. त्यात ताईंनी सांगितलेला बॅटरीचा मुद्दाही घातला. मोरीचे दोन फोटो काढले आहेत, पण आता संध्याकाळ असल्यामुळे ते जात नाहीत. उद्या पहाटे पाचला टाकीवरून पाठवतो; केबल कोणत्या प्रकारची आहे ते पाहून सांगावे.