‘फिट्झ’ म्हणजे अनौरस? कोणी सांगितलं?

तिरपागडा: परवा महाबळेश्वरच्या फिट्झजेराल्ड घाटावरून गप्पा चालल्या होत्या, तेव्हा ‘बोरीबंदर’ यांनी ठोकून दिलं की ‘फिट्झ लागलं की समजायचं, मूळपुरुष राजाचा अनौरस पोरगा.’ वर सगळ्यांची वाहवा! राहवत नाही म्हणून लिहितोय.

नॉर्मन फ्रेंचमध्ये, म्हणजे फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या बोलीत, फिट्झ म्हणजे मुलगा, लॅटिन ‘फिलियस’वरून आलेला. बास. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या जमीनपाहणीत, वॉल्टर फिट्झ ओदर आहे, विंडसरचा किल्लेदार, बापाचं नाव ओदर. त्याचा मुलगा जेराल्ड, वेल्समधल्या पेंब्रोकचा किल्लेदार, म्हणून तो फिट्झवॉल्टर. जेराल्डचा मॉरिस, तो फिट्झजेराल्ड. हा ११६९ मध्ये आयर्लंडात उतरला. मॉरिसचा मुलगा पुन्हा जेराल्ड फिट्झमॉरिस. दर पिढीला नाव बदलतंय, आपल्या मधल्या नावासारखं! पुढे कधीतरी ते गोठलं आणि आडनाव झालं. यात अनौरस कोण?

बोरीबंदर: मीच तो, नाव घेतलंत ते बरं केलंत. तुमच्या जेराल्डची बायको नेस्ट, दक्षिण वेल्सच्या राजाची लेक. तिला इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीपासून एक मुलगा होता. त्याचं नाव? हेन्री फिट्झहेन्री! आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय, रॉय म्हणजे राजा. चौथ्या विल्यमची नटीपासून झालेली दहाही पोरं फिट्झक्लॅरेन्स. त्यातली एक अमेलिया आपल्या मुंबईत गव्हर्नरीणबाई होऊन आली होती. १८४८ ते ५३ चे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड, त्यांची बायको. फॉकलंड रोड त्याच फॉकलंडचा. माझं बालपण गेलंय त्या भागात, मला शिकवू नका.

तिरपागडा: त्या भागात राहिल्याने नॉर्मन फ्रेंच येत असेल तर मीही भाड्याने खोली बघतो. अहो, राजांनी नंतर जुना शब्द उचलून पोरांना चिकटवला, म्हणून शब्दच अनौरस होतो का? दुसऱ्या हेन्रीला ‘फिट्झएम्प्रेस’ म्हणत, सम्राज्ञी मटिल्डाचा मुलगा म्हणून. आईबापाचं रीतसर लग्न झालेलं. गौतमीपुत्र सातकर्णी वाचून कोणी असले प्रश्न विचारतं का?

पोलादपूरकर: फिट्झजेराल्ड घाट काय लावलंय? तो आंबेनळी घाट. ज्याचं नाव दिलं तो मुंबईचा गव्हर्नर फिट्झजेराल्ड १८६७ ला आला, १८७२ ला गेला, घाट त्याच्या आधीही होता. आणि नावावर भांडणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात तिथून एसटीने या. दरड, धुकं, आणि शेजारी ओकणारं पोर.

चिंचेचं_बुटुक: गौतमीपुत्रावरून आठवलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आता आईचं नाव आधी, मग बापाचं, असा सरकारी नियम आहे. छान. पण माझं काय? लग्नाआधी वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं. बँकेत ठेव मोडायला गेले तर काउंटरवरचा म्हणतो, ‘मॅडम, या दोघी वेगळ्या.’ स्टॅम्पपेपर आणा, दोन साक्षीदार आणा. तिसऱ्या खेपेला रडूच आलं. ते नॉर्मन सुटले वेळेवर.

बोरीबंदर: ताई, मग नवऱ्याचं नाव लावायचंच कशाला? माझ्या बायकोने नाही लावलं.

चिंचेचं_बुटुक: वा, सत्कार करू का तुमचा? १९९१ साली लग्नाच्या ताटात तांदळावर अंगठीने नाव लिहून घेतलं, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.

पोलादपूरकर: आमच्याकडे नाव बदलतातच. ही आपली परंपरा आहे.

चिंचेचं_बुटुक: परंपरा तुमची, खेटे माझे.

म्हापशेकार: बायकांचं भांडण चालू द्या, मी मुद्द्याचं बोलतो. (ताई, रागावू नका.) आमचे फर्नांडिस, रॉड्रिग्ज हेही तेच. फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिगोचा मुलगा. फक्त इथे बाप्तिस्म्यात मिळालेले, बापाचा पत्ता पोर्तुगालात! आणि सगळे फिट्झ नॉर्मन नसतातच. फिट्झपॅट्रिक मूळ गेलिक घराणं, मॅक गिला फाड्रिग. इंग्रजी अमलात नाव भारदस्त करून घेतलं.

बोरीबंदर: बघा! म्हणजे फिट्झ दिसला की नॉर्मन, हेही खरं नाही.

तिरपागडा: ते मी म्हटलंच कुठे? तुमच्या फॉकलंडबाईंची माहिती मात्र नवीन होती, एवढं कबूल. बाकी सगळं चूक.

बोरीबंदर: ‘सगळे फिट्झ अनौरस’ मधला ‘सगळे’ मागे घेतो. ‘बरेच’ लिहा.

तिरपागडा: ‘काही’.

बोरीबंदर: ‘बरेच’.

चिंचेचं_बुटुक: स्टॅम्पपेपरवर लिहून द्या दोघं. साक्षीदार मी आणते, सवय आहे.