पशुवैद्याने जनावर न पाहता औषध सांगावे का?

गावपशुवैद्य (चर्चेचा प्रस्ताव)

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या पशुवैद्याला हल्ली गोठ्यावर बोलावण्याआधी औषधाचे नाव विचारले जाते. जनावराचा फोटो येतो, दोन वाक्यांत लक्षणे सांगितली जातात आणि दुकानातून आणलेले औषध शेतकरी स्वतःच टोचतो. माझे ठाम मत असे की, जनावराला हात लावून तपासल्याशिवाय पशुवैद्याने कोणतेही प्रतिजैविक किंवा शिरेतून द्यायचे औषध सांगू नये, मग गोठा कितीही आडवाटेला असो.

'काल व्यालेली गाय बसली आहे, उठत नाही, कान गार पडले आहेत,' एवढेच फोनवर कळते. हा दुग्धज्वर असू शकतो, म्हणजे चीक आणि दूध तयार होताना रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटल्याने आलेली अवस्था. पण तीव्र कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज, होऊन त्याचे विष अंगात भिनले, तरी गाय अशीच बसते आणि तिचेही कान गारच लागतात. फरक कळतो तो कास चाचपून आणि प्रत्येक सडाची धार काढून पाहिल्यावर. कासदाहात कासेचा एखादा भाग सुजून घट्ट झालेला असतो आणि त्या सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी येते. दुग्धज्वर झालेल्या गाईला कॅल्शियम शिरेतून सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत दिले, तर बाटली संपता संपता ती ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा थोड्याच वेळात उभी राहते. विष भिनलेल्या गाईचे हृदय आधीच थकलेले असते; तिला तेच औषध घाईने दिले, तर सुई काढण्याआधीच ती जाऊ शकते.

प्रतिजैविकांचा प्रश्न तर एका गोठ्यापुरता राहत नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, आणि औषधानंतर ठरलेल्या मुदतीपर्यंत दूध वेगळे काढले नाही, तर औषधाचे अंश माणसांच्या पोटात जातात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून प्रतिजैविकांच्या सरसकट वापरावर बंदी घातली आणि अमेरिकेत जून २०२३ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठीही चिठ्ठीशिवाय मिळेनाशी झाली. हे नियम योग्य दिशेचे आहेत, असे मी मानतो.

माळावरची पशुपालक

डॉक्टरसाहेब, तुमचे म्हणणे खरे मानले, तरी तुम्ही येईपर्यंत आम्ही काय करायचे, याचे उत्तर त्यात नाही. कोवळा द्विदल चारा जास्त खाल्ला गेला की गाईच्या पोटात फेस धरतो, डावी कूस पाठीच्या कण्यापर्यंत फुगते आणि फुप्फुसांवर दाब येऊन तासाभरात जनावर हातचे जाऊ शकते. त्या वेळी फोनवर मिळालेली सूचनाच कामी येते. आम्ही जनावरांसोबत दिवसरात्र असतो. रवंथ थांबला, गाय कळपापासून दूर उभी राहिली, दूध काढताना तिने रोजच्यापेक्षा वेगळा पाय उचलला, हे आम्हाला तुमच्या आधी कळते. त्या नजरेला काहीच किंमत नाही, असे धरून नियम केले, तर लोक तुम्हाला विचारणेच सोडून देतील आणि थेट दुकानदाराला विचारतील. शिवाय एका शेळीसाठी तुम्हाला एवढ्या लांब बोलावणे परवडत नाही, हेही सांगायलाच हवे.

नवी पशुवैद्य

मी याच व्यवसायात आहे आणि प्रस्तावाशी सहमत नाही. अडलेल्या गाईसाठी रात्री जावे लागते, तेव्हा वासराची मान मागे वळलेली असते. ओल्या जमिनीवर आडवे पडून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, कळ आली की थांबायचे, कळ ओसरली की वासरू थोडे मागे ढकलून डोके सरळ करायचे, आणि मग पुढच्या पायांना बांधलेली दोरी पुढच्या कळेबरोबर ओढायची. हे बोटे बधिर होईपर्यंत चालते. त्यानंतर पहाटे दुसरा फोन येतो आणि तो फक्त खरचटलेल्या खुराचा असतो. सगळीकडे जायचेच, हा नियम केला तर जिथे खरोखर जायला हवे तिथे मी उशिरा पोहोचेन. आपल्या व्यवसायातील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त असल्याचे ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण एकट्याने अखंड उपलब्ध राहण्याचा ताण मी स्वतः ओळखते. कुठे आधी जायचे, याची फोनवर निवड करणे मला कर्तव्याचाच भाग वाटतो.

भटक्या कळपांचा अभ्यासक

बुळकांड्या हा गुरांचा रोग जगातून संपल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. सुदान, इथिओपिया आणि युगांडाच्या दुर्गम चराऊ प्रदेशांत पशुवैद्य पोहोचत नव्हते. तिथे उष्णता सोसणारी लस प्रशिक्षण घेतलेल्या पशुपालकांनीच कळपांपर्यंत नेली. पदवीधराच्या हातावरच सगळे अडून राहिले असते, तर तो रोग आणखी किती काळ टिकला असता, याचा विचार व्हावा.

गावपशुवैद्य

बुळकांड्याचा दाखला मला मान्य आहे, पण तो इथे लागू पडत नाही. लस निरोगी जनावराला द्यायची असते आणि प्रत्येकाला सारखीच. तिथे निदान करायचे नसते. आजाराचे तसे नाही. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असेल, असे समजून माणसे तिच्या तोंडात हात घालतात, आणि ती गाय रेबीजची असू शकते. फोनवर 'घशात पाहा' असे सांगणाऱ्याने त्या घराला कोणत्या संकटात टाकले, हे त्यालाही कळत नाही. वार अडकली की हाताने ओढून काढण्याचा सल्लाही असाच सर्रास दिला जातो, आणि त्या गाईला सांसर्गिक गर्भपात या रोगाची (ब्रुसेलोसिस) लागण असेल, तर माणसालाही ती होते.

ताई, पोटफुगीत तातडीची सूचना फोनवर द्यावीच. मी रोखतो आहे ते प्रतिजैविक आणि शिरेतले औषध.

नवी पशुवैद्य

मग आपल्यातले अंतर वाटले त्यापेक्षा कमी आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ पासून लागू केलेले मार्गदर्शन इथे उपयोगी पडेल. त्यात पाळीव कुत्र्यामांजरांना प्रतिजैविक देण्याआधी अपवाद वगळता प्रत्यक्ष तपासणी मागितली आहे. दुधामांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या बाबतीत मात्र पशुवैद्याला त्या ठिकाणाची, तिथल्या व्यवस्थापनाची आणि कळपाच्या आरोग्याची सखोल माहिती असावी, अशी अपेक्षा ठेवली आहे. ज्या गोठ्यात मी नियमित जाते, जिथल्या कासदाहाचे जंतू मी प्रयोगशाळेत तपासून घेतले आहेत, तिथे एका सडातल्या गुठळ्यांसाठी मी फोनवर औषध सांगेन. अनोळखी गोठ्याला सांगणार नाही.

गावपशुवैद्य

कासदाहापुरते आणि जंतूंची तपासणी ताजी असेल तर हे मला मान्य आहे. शिरेतल्या औषधाला मात्र माझा विरोध कायम राहील.

माळावरची पशुपालक

नियमित भेट म्हणजे जनावर आजारी नसतानाही तुमचे शुल्क देणे. मोठ्या गोठ्याला ते जमते. दोन गाई आणि चार शेळ्या असलेल्या घराला जमणार नाही, आणि तेच घर तुमच्यासाठी कायम अनोळखी राहील. एका वाटेवरच्या घरांनी मिळून ठरलेल्या दिवशी पशुवैद्याला बोलवावे, खर्च जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावा आणि प्रत्येक जनावराची नोंदवही घरीच ठेवावी, अशी व्यवस्था तुम्ही दोघे मान्य कराल का? तसे असेल, तर शिरेतल्या औषधाबाबत डॉक्टरसाहेबांची अट पाळायला माझी तयारी आहे.