नवशिक्याला कॅमेऱ्याचे तंत्र किती यावे? खान्देशातील अनुभव

कॅमेरा घेतला की 'आधी तंत्र पूर्ण शिका' आणि 'ऑटोवर ठेवा, नजर महत्त्वाची' असे दोन्ही सल्ले मिळतात. कोणती गोष्ट ठाऊक नसल्याने तुमचे छायाचित्र हुकले आणि कोणत्या गोष्टीवाचून काहीच अडले नाही, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

शहादा : दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा सेन्सरच्या आकारापासून लेन्सच्या घडणीपर्यंत सारे मला तोंडपाठ होते, तरीही भर उन्हात टिपलेला पांढराशुभ्र घोडा प्रत्येक वेळी मळकट राखाडी आला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे धरून चालतो, म्हणून चौकट पांढऱ्याने भरली की तो छायाचित्र गडद करतो, हे तिथे भेटलेल्या एका स्टुडिओवाल्या आप्पांनी समजावले आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे छायाचित्र मुद्दाम उजळ वा गडद करण्याची सोय, +१ वर नेऊन दाखवले. लगेच घोडा पांढरा आला. रपेटीत पाय पुसट येत होते, तेव्हा त्यांनी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र, एफ/११ वरून एफ/४ असे मोठे करून शटर १/१००० सेकंद इतके जलद केले. नवशिक्याला एवढे आधी यावे. पाठ केलेले बाकीचे त्या दिवशी माझ्या उपयोगी पडले नाही.

यावल : मी दोन वर्षे ऑटोवरच छायाचित्रे काढली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण त्या काळात मी केवळ उजेड पाहायला शिकले. अडले ते एकदाच : केळीच्या बागेत घड कापणाऱ्या मजुरांचे चेहरे पानांतून गाळून आलेल्या उजेडाने हिरवट दिसले. तेव्हापासून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा तोल, नंतर सुधारता यावा म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढते.

धुळे : यावलच्या ताईंचे म्हणणे दिवसाच्या उजेडापुरते खरे आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या होळीला रात्रभर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटते. तिथे ऑटोने शटर इतके मंदावले की मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक नुसते पुसट पट्टे होऊन उमटले. पुढच्या वर्षी आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२००, ॲपर्चर एफ/१.८ आणि शटर १/१२५ ठेवले, तेव्हा कमरेचे घुंगरूही स्पष्ट आले. मात्र आकडे ठाऊक असून भागत नाही, ते अंधारात बदलता यावे लागतात. म्हणून आजही काठीला निघण्याच्या आदल्या रात्री मी घरातले दिवे मालवून, केवळ बोटांच्या स्पर्शाने आयएसओ आणि शटर बदलून पाहतो.